बाबांच्या गाऱ्हाण्याचं ॲप

जगात फक्त एकाच माणसाच्या फोनवर असलेलं एक ॲप मी केलंय. तो माणूस म्हणजे माझे बाबा. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी काम करते तिची ॲप्स ढिगाने लोक वापरतात, पण त्यातलं एकही बाबांनी कधी उघडून पाहिलं नाही. "तां काय आमच्या कामाचा नाय," असं म्हणून माझ्या अख्ख्या नोकरीची एका वाक्यात वाट लावायचे आणि पेपर पुढे ओढायचे. म्हणायचे, असं लिहितेय, कारण आता ते बोलत नाहीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. दुखणं गेलं, माणूस ठणठणीत आहे. सकाळी मुलुंडच्या मासळीबाजारात जातो, बांगड्यांचे कल्ले उघडून बघतो, कोळणीशी निव्वळ हातवाऱ्यांवर घासाघीस करतो आणि जिंकून येतो. फक्त आवाज गेला.

आणि काय आवाज होता! आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात मशिनींच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, ती घरी आल्यावर कोण उतरवणार? आमटीत मीठ कमी पडलं की खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळायचं. मी शाळेत असताना मैत्रिणींना घरी आणायला लाजायचे. "तुझे बाबा रागावलेत का गं?" असं त्या विचारायच्या, आणि बाबा बिचारे त्यांना लाडू घ्यायचा आग्रह करत असायचे.

त्या आवाजाचं खरं काम वर्षातून एकदा लागायचं. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं की देवापुढे नारळ ठेवतात आणि एक जाणता माणूस उभा राहून देवाशी चक्क बोलतो. मंत्र नाही, स्तोत्र नाही, साधं मालवणी बोलणं. ह्याचं लग्न जमव, त्याच्या हाताला काम दे, चुकलंमाकलं पोटात घाल. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय महाराजा!" नुसतं ऐकून चालत नाही. देवाला कळलं पाहिजे ना, की हा एकटा मागत नाही.

आमच्या गावच्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. दर जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी भांडुपच्या हॉलमध्ये ते सत्यनारायण घालतं. पूजा, मुलांचे सत्कार, हळदीकुंकू, संध्याकाळी भजन. आणि ह्या सगळ्याच्या आधी गाऱ्हाणं. ते मला आठवतंय तेव्हापासून बाबाच घालायचे. माइक बाजूला सारायचे. शेवटच्या रांगेत शेंगा खात बसलेला माणूससुद्धा शेंगा खिशात टाकून हात जोडायचा.

ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आवाज रेकॉर्ड करून ठेवा. रोज लागणारी वाक्यं बोलून ठेवा, पुढे उपयोग होईल. मला हे एकदम पटलं. हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी फोन घेऊन बाबांसमोर बसले आणि म्हटलं, "बोला, मला पाणी हवंय."

"पाणी मी उठान घेयन. पाय खंय काढतत माझे?"

"बरं, मग म्हणा, मला दुखतंय."

"तां तोंडार दिसता."

तासभर हे असंच. मला इतका राग आला की फोन आपटावासा वाटला. उद्या ह्या माणसाचा आवाज कायमचा जाणार आहे आणि हा माझ्याशी वाद घालतोय! शेवटी त्यांनी त्यांना हवं ते रेकॉर्ड केलं. "चाय दी." "पंखो बंद कर, बिल कोण भरतलो?" "खंय चललंस?" आणि एक वाक्य, जे मी करू नका म्हणत असताना माझ्याचकडे बघत, मजेत, दोनदा नीट घोळवून केलं: "तुका काय करूचा हा? गप रव."

मग म्हणाले, आता गाऱ्हाणं.

मी आईला बजावलं, "आई, मधे बोलायचं नाही हं. स्वच्छ रेकॉर्ड झालं पाहिजे." आईने मान डोलवली. बाबा उभे राहिले, कपाटावरच्या देवाकडे तोंड केलं, हात जोडले. "हे बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत," आणि त्यांनी श्वास घ्यायच्या आत आई म्हणाली, "व्हय महाराजा!"

"आई!"

"अगो, तोंडातसून गेला."

पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि चांगली गप्प बसली, तर "ज्याच्या हाताक काम नाय, तेच्या हाताक काम दी" ह्या वाक्यावर "व्हय महाराजा" कोण म्हणालं? मी. लहानपणापासून म्हणत आलेय, ते कुठे विचार करून म्हणतो आपण! बाबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. आवाज तेव्हाच बसायला लागला होता. मग मी म्हटलं, मरू दे, जसं होतंय तसं होऊ दे. आम्ही दोघींनी मोकळेपणाने उत्तरं दिली आणि ते सगळं तसंच फोनमध्ये गेलं.

ऑपरेशननंतर बाबांना गळ्यापाशी धरायचं एक यंत्र मिळालं. त्यातून बोलणं उमटतं, कित्येक लोक ते छान वापरतात. बाबांनी एकदा वापरलं, ऐकलं, आणि पाटीवर लिहिलं, "ह्यो मी न्हय." यंत्र कपाटात गेलं. पाटी, टाळी आणि डोळे वटारणं ह्यावर आमचा संसार सुरू झाला, आणि खरं सांगते, बरा चालला.

डिसेंबरात मंडळाच्या सेक्रेटरीचा आईला फोन आला. मुलगा चांगला आहे, मनात काही वाईट नव्हतं. आईने सवयीने स्पीकर लावलेला. "काकी, काकांका उगाच त्रास कित्याक? ह्या वर्षी गाऱ्हाण्याक दुसऱ्या कोणाक तरी उभो करूया. काका आमच्यासोबत पुढे खुर्चेर बसतीत."

बाबा समोरच बसून लसूण सोलत होते. त्यांनी लसणाची वाटी खाली ठेवली आणि उठून गॅलरीत गेले. त्या दिवशी जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. बाबांनी नुसता भात-आमटी खाल्ली. बांगडा सोडलेले बाबा मी आयुष्यात पाहिले नव्हते, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आईने पूजेला कोणता शर्ट घालणार म्हणून विचारलं, तर त्यांनी मान हलवली. मी येत नाही. खुर्चीवर बसायला तर नाहीच नाही.

मी सेक्रेटरीला फोन केला आणि म्हटलं, "गाऱ्हाणं बाबाच घालणार."

"ताई, पण कसा?"

"ते माझ्यावर सोड."

कसं ते मलाही माहीत नव्हतं.

आधी मी बाबांच्या फोनसाठी रीतसर ॲप बनवलं. बाबांकडे माझा जुना फोन होता, महागातला. त्या फोनात ॲप घालायचं तर ते फोन बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपच्या दुकानातूनच घालावं लागतं, आणि दुकानात ठेवायच्या आधी तिथली माणसं तपासतात. मी पाठवलं. उत्तर आलं, की तुमचं ॲप फारच थोड्या लोकांच्या उपयोगाचं दिसतं, त्यामुळे ते ठेवता येणार नाही. मी चिडून ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मगे, बरोबरच सांगतत ते. एकाच माणसाचा हा." आपल्या घरात आपल्या बाजूने कोणी नसतं ते असं.

मग मी दुसरी वाट धरली. एक वेबपान बनवायचं, आणि त्याचं चित्र फोनच्या पडद्यावर ॲपसारखं डकवायचं. कोणाची परवानगी नको. पानावर मोठी मोठी बटणं: चाय, पंखो, खंय, आणि बाबांच्या आग्रहाने सगळ्यात वर "तुका काय". त्याखाली लाल रंगाचं गाऱ्हाण्याचं बटण. रेकॉर्डिंगमधली आईची आणि माझी उत्तरं मी कापून काढली, म्हणजे तिथे हॉलमधले लोक उत्तर देतील. फक्त एका वाक्याला आईने घाई केली होती. बाबांचं "पदरात घे" आणि तिचं "व्हय" एकमेकांत असे अडकलेले, की सोडवता येईनात. ते वाक्य मी तसंच ठेवलं. लाल बटण एकदा दाबलं की सगळी वाक्यं ओळीने, मधे थोडी थोडी जागा सोडून, आपोआप वाजतील, अशी सोय केली. माझ्या फोनवर झकास चाललं. आईच्या फोनवरही चाललं.

बाबांच्या फोनवर काहीच वाजेना.

बटण दाबलं की दबत होतं, रंग बदलत होता, वाक्य सुरू झाल्याची खूण दिसत होती. आवाज मात्र शून्य. मी कोड उलटा केला, सुलटा केला. रेकॉर्डिंगच्या फाइलचा प्रकार बदलला. प्रत्येक वेळी नवी आवृत्ती चढवायची, बाबांना म्हणायचं दाबा, ते दाबायचे आणि माझ्याकडे बघायचे. बरं, डकवलेली पानं आपली जुनी आवृत्ती साठवून ठेवतात. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी येत नाही. हे माझ्या लक्षात यायच्या आधी कितीतरी दुरुस्त्या मी जुन्याच आवृत्तीवर तपासत बसले होते. डोक्याची नुसती मंडई. एकदा तर बाबांवर खेकसले, "तुम्ही नीट दाबत नाही!" त्यांनी शांतपणे पाटी घेतली आणि लिहिलं, "बटण दाबूक शिकवतंस?"

ऑफिसात माझ्यासमोर बसणारी माझी मैत्रीण वाकोल्याची. तिचे घरचे मूळ बुलढाण्याकडचे, आता तीन पिढ्या मुंबईत. तिला सगळा प्रकार माहीत होता, रेकॉर्डिंग ऐकूनही झालं होतं. "आमच्या विहारात वंदना सगळे मिळून म्हणतात," ती म्हणाली होती, "तुमच्यात एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं. ऑफिसातल्या मीटिंगसारखं." मला हसू आवरेना. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापुढे रडगाणं लावलं. तिने डब्यातलं भरीत चपातीत घेतलं आणि सहज विचारलं, "काका फोन सायलेंटवर ठेवतात का गं?"

मी म्हटलं, "छे! त्याचा काय संबंध? सायलेंट म्हणजे रिंग बंद. गाणी वाजतात की."

"गाणी वाजतात. पण वेबपानावरून आवाज काढायचे दोन मार्ग आहेत. तू घेतलायस तो ह्या फोनवर बाजूच्या खिट्टीचं ऐकतो. खिट्टी खाली, आवाज बंद. मी ह्याच्यावर अख्खा आठवडा घालवलाय, यार."

मी बसल्या जागेवरून आईला फोन केला. "बाबांच्या फोनच्या कडेला बारकी खिट्टी आहे बघ. तिथे नारिंगी रंग दिसतो का?"

"दिसता."

"कधीपासून आहे?"

"हॉस्पिटलातसून इल्यापासून."

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, सायलेंट का ठेवलाय? त्यांनी पाटी घेतली नाही. फोन कानाला लावल्यासारखा हात केला, दुसरा हात गळ्यापाशी नेला, आणि दोन्ही हात खाली सोडले. फोन वाजला तर मी उचलून करू काय? इतके दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होते, आणि हा माणूस फोन वाजू नये म्हणून खिट्टी खाली करून बसला होता. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

खिट्टी वर करा, प्रश्न मिटला, असं मी म्हणू शकले असते. नाही म्हटलं. त्यांचा फोन, त्यांची खिट्टी. आवाज काढायचा दुसरा मार्ग होता, जो खिट्टीला विचारत नाही. मी सगळं त्या मार्गावर नेलं. बाबांनी लाल बटण दाबलं आणि आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज आला. "हे बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत." आईच्या हातातली पळी कढईत पडली. ती म्हणाली, "व्हय महाराजा," आणि ओट्याला धरून रडायला लागली. मीही रडले. बाबा आमच्याकडे बघत, पुढचं वाक्य यायची वाट बघत उभे.

पुढचं वाक्य आलंच नाही.

ह्या मार्गाची अडचण वेगळी होती. फोन म्हणतो, प्रत्येक आवाजाआधी माणसाचं बोट पडद्यावर लागलं पाहिजे. तुमच्या पानाने आपोआप काही वाजवायचं नाही. त्यामागचं कारण चांगलं आहे, नाहीतर जाहिराती दिवसभर बोंबलत बसतील. पण मला जाहिरात नव्हती करायची, मला माझे बाबा हवे होते! मी पळवाटा शोधल्या. एक सापडली, ती चार वाक्यांनंतर बंद पडायची. दुसरीत वाक्यं एकमेकांवर चढायची. पूजा तोंडावर आलेली. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्या फोन बनवणाऱ्यांच्या नावाने मोठमोठ्याने शिव्या घालत होते, आणि बाबा शेजारी बसून शेंगा निवडत होते.

त्यांनी हात पुढे केला. फोन दी.

मी दिला. पळवाट काढून टाकलेली आवृत्तीच त्यात होती, एक बोट, एक वाक्य. त्यांनी पहिलं दाबलं. वाक्य झालं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "व्हय महाराजा." मग त्यांनी दुसरं दाबलं. तिसऱ्याला अंगठा वर धरून थांबले, आई उत्तर देऊन मोकळी झाली तरी थांबले, अगदी हॉलमध्ये थांबायचे तसे, लोकांनी आपापल्या मनातलं आठवावं म्हणून. मग दाबलं. माझ्या आपोआपच्या सोयीत ह्या थांबण्याला जागाच नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर किती वेळ सोडायचा ते मी घरात तीन माणसांच्या हिशोबाने ठरवून टाकलं होतं, आणि भरलेला हॉल उत्तर द्यायला वेळ घेतो. तिथे ते चाललं असतं तर बाबांचाच आवाज लोकांच्या उत्तरावर धावून गेला असता. वाट लागली असती.

शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "हाच ठेव. हात लावू नको."

जिला मी आठवडाभर शिव्या घातल्या ती अडचण बाबांना हवीच होती. आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं होतं त्यांना, बटण दाबून बाजूला उभं राहायचं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी बाबांनी दोन बांगडे खाल्ले.

पूजेला ते नवा पांढरा शर्ट घालून आले, गळ्याला आईने शिवलेला पांढरा रुमाल. हॉलमध्ये मी आधी पोचून आवाज तपासला. मंडळाने बिनतारी स्पीकर आणला होता, पण तो दर वाक्याचा पहिला शब्द गिळत होता, म्हणून तो बंद केला आणि फोन सरळ माइकसमोर धरायचं ठरलं. फोन फ्लाइट मोडवर टाकला, मधेच कोणाचा कॉल नको. सेक्रेटरी माझ्याभोवती घिरट्या घालत होता. "ताई, होयत ना सगळा बरोबर?" मी म्हटलं, "होईल रे, तू नारळ आण."

बाबा देवापुढे उभे राहिले. माइक नेहमी बाजूला सारणाऱ्या माणसाने माइक स्वतः जवळ ओढला, एका हातात फोन धरला, हात जोडल्यासारखे छातीशी आणले आणि अंगठा टेकवला.

"हे बा देवा महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

हॉल गप्प. एकाच्याही तोंडून उत्तर नाही. लोक बाबांच्या बंद ओठांकडे बघत होते. तो आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेला, आणि गेल्या वर्षी तो गेला म्हणून हळहळून झालेलं. मागच्या खुर्च्यांमधून एकच बारीक आवाज आला. आई. "व्हय महाराजा."

बाबांनी दुसरं वाक्य लावलं. "गावाक जे आसत, मुंबयक जे आसत, त्या सगळ्यांका सुखात ठेव."

"व्हय महाराजा!" ह्या वेळी हॉल हादरला. पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते आणि तरी उत्तर द्यायला एकदाही चुकत नव्हते. बाबा रंगात आले. लग्नाच्या वाक्याला त्यांनी अंगठा मुद्दाम वर धरला आणि लग्न न जमलेल्या पोरांच्या रांगेवरून नजर फिरवली. लोक हसले. मग त्यांनी दाबलं. "काय चुकला माकला आसात तर पदरात घे" आलं तेव्हा त्यात आईचं "व्हय" अडकून आलंच. बायका वळून आईकडे बघायला लागल्या. आईने पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

शेवटचं वाक्य झालं, उत्तर झालं. आता नारळ फोडायचा. सेक्रेटरी पुढे सरकला.

बाबांनी त्याला हाताने थांबवलं. फोन खाली ठेवला. दोन्ही हात नीट जोडले, मान वर केली आणि बोलायला लागले.

ओठ हलत होते. आवाज नव्हता. माइकमध्ये गळ्याच्या रुमालाआडून येणाऱ्या श्वासाची सूं सूं तेवढी ऐकू येत होती. मला पटकन कळलं. रेकॉर्डिंग ऑपरेशनच्या आधीचं, आणि ह्या वर्षीचं काही मागणं त्यात नव्हतं. ते मागणं ॲपमध्ये असणं शक्यच नव्हतं. मी धावत जाऊन काही तरी करावं असं वाटलं, पण करणार काय?

बाबांचे ओठ थांबले. मान किंचित झुकली, नेहमी वाक्य संपल्यावर झुकायची तशी.

"व्हय महाराजा!"

सगळ्या हॉलने म्हटलं. आधीच्या कुठल्याही उत्तरापेक्षा मोठ्याने. लहान पोरांनीसुद्धा. काय मागितलं ते एकालाही कळलं नव्हतं, आणि एकानेही ते कळायची वाट पाहिली नाही. बाबांनी आणखी एक वाक्य म्हटलं, ओठांनीच. पुन्हा उत्तर. आणखी एक. मी म्हणत होते, आणि वाकोल्याहून मुद्दाम आलेली माझी मैत्रीणही माझ्या शेजारी हात जोडून म्हणत होती. मग बाबांनी नारळाकडे बोट केलं.

परतताना आम्ही तिघं रिक्षात बसलो, आईच्या मांडीवर प्रसादाचा द्रोण. बाबा खुशीत होते, बोटांनी गुडघ्यावर भजनाचा ठेका धरला होता. मला राहवेना. मी विचारलं, "बाबा, शेवटी काय मागितलंत हो देवाकडे?"

त्यांनी खिशातून फोन काढला. अंगठ्याने पडदा वर सरकवला, सगळ्यात वरचं बटण शोधलं, आणि माझ्याकडे बघत, मजेत, दाबलं.

"तुका काय करूचा हा? गप रव."

रिक्षावाल्याने दचकून मागे वळून पाहिलं. आई प्रसादाच्या द्रोणावर हात ठेवून म्हणाली, "व्हय महाराजा."